आवडीचं ते एक

क्रुशारेवोत कुणी मॅडम म्हणत नाही, मिस म्हणत नाही. रुसालिना जांबाझोवा म्हणजे सगळ्या गावाच्या बाई. नगराध्यक्ष बोन्चो शोपोव, वय पंचेचाळीस, पोट पुढे, गळ्यात टाय, पण बाई समोरून येताना दिसल्या की हातातली सिगरेट अजून पाठीमागे लपवतो. लपवणार नाही तर काय करेल? गावातल्या पन्नाशीच्या आतल्या एकूण एक माणसाला इंग्रजी बाईंनीच शिकवलं आणि प्रत्येकानं कधी ना कधी त्यांच्या तोंडून ऐकलं, "दोन. बस खाली."

आमच्या शाळांत दोन म्हणजे नापास आणि सहा म्हणजे डोक्यावर तुरा. बाईंचा सहा फारसा कुणाच्या वाट्याला आला नाही. शिवाय त्या गुण वर्गापुरते ठेवत नसत. ईस्टरच्या प्रवचनानंतर धर्मगुरूंना त्यांनी मेणबत्त्यांशेजारून बजावलं होतं, "चार. शेवटी घाई केलीत." बिचारे दाढी कुरवाळत "हो बाई" म्हणाले. ते तर त्यांचे विद्यार्थीही नव्हते.

अशा या बाई मेच्या सुरुवातीला एका दुपारी वाचनघरात खुर्चीवर बसल्या आणि त्यांना उठता येईना.

झालं होतं असं, की खालच्या आळीतलं म्हाताऱ्या वेलिकाचं रिकामं घर मिस हॉब्डे नावाच्या इंग्रज बाईनं विकत घेतलं होतं. हल्ली घेतात इंग्रज इकडे घरं. त्यांना आमच्या पडक्या भिंती गोड वाटतात. ही मिस हॉब्डे उंच, काटकुळी, ओठ घट्ट मिटलेली, तिकडच्या कुठल्याशा मुलींच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. आल्या आल्या तिनं वाचनघराला जुन्या पुस्तकांचं एक खोकं भेट दिलं. बाई ते खोकं उपसायला बसल्या आणि दुसऱ्याच पुस्तकावर त्यांचा हात थबकला. निळं वेष्टन, त्यावर गलबताचं चित्र. हेच पुस्तक! हेच, ज्याच्यावर त्यांनी तेहेतीस वर्षं काढली होती. फरक एवढाच, की बाईंकडे होती ती फोटोकॉपी आणि तिच्यात साठ ते पासष्ट ही पानं नव्हती.

खरं सांगायचं तर बाई मूळच्या रशियन शिकवणाऱ्या. एक्याण्णव साली मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, "रुसालिना, रशियन आता कुणाला नको. सप्टेंबरपासून तू इंग्रजी शिकवायचंस." सहा आठवड्यांचं प्रशिक्षण झालं, हातात ती फोटोकॉपी पडली. साठाव्या पानाशी यंत्रातला कागद संपला असावा आणि पुन्हा भरायचा कुणाला कंटाळा आला असावा. नेमका तिथेच होता सहावा धडा: वस्तू एक असली की काय म्हणायचं, अनेक असल्या की काय म्हणायचं, आणि कुठे 'स' लावायचा.

सहावा धडा यायचा तो दिवस आलाच. पहिल्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "बाई, मला सफरचंद आवडतं म्हणताना 'स' लावायचा का?" चाळीस डोळे बाईंकडे लागलेले. माहीत नाही म्हणावं, तर उद्यापासून वर्ग डोक्यावर बसेल. त्यांनी खडू उचलला आणि फळ्यापाशी उभ्या उभ्या नियम रचला.

"आवडीचं ते एक, नावडीचं ते अनेक," त्या म्हणाल्या. "प्रेम काय घाऊक असतं का? प्रेम एकावर करतात. वैताग मात्र ढिगानं येतो. लिहून घ्या."

वर्गानं लिहून घेतलं आणि वर्गामागून गावानं. तेव्हापासून क्रुशारेवोत 'आय लव्ह अ‍ॅपल' आणि 'आय हेट ओनियन्स'. घरं घ्यायला परदेशी पाहुणे येऊ लागले तशा बोन्चोनं सगळीकडे इंग्रजी पाट्या लावायला सांगितल्या, आणि त्याही बाईंच्या नियमानं लागल्या. भाजीवाल्यानं लिहिलं, 'आय लव्ह टोमॅटो'. जनावरांच्या डॉक्टरानं दारावर दीड हात अक्षरांत रंगवून घेतलं, 'आय लव्ह डॉग'. आता मला कोंबडी आवडते म्हणणारा माणूस कोंबडीचं काय करतो हे कुणालाही कळतं, आणि इंग्रजीतही तेच. मिस हॉब्डे ती पाटी पाहून रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं चालायला लागली, असं फुलवाली त्सोन्का शपथेवर सांगायची. ट्रक चालवणाऱ्या स्टामेननं तर दंडावर गोंदवून घेतलं होतं, 'आय लव्ह वूमन'. पहिल्यांदा त्याची बायको भडकलीच. "कुठली ही बया?" मग त्यानं बाईंचा नियम सांगितला, की एकच आहे, म्हणजे तूच. संसार वाचला.

आणि आता बाईंच्या मांडीवर ते निळं पुस्तक उघडं होतं. साठावं पान, एकसष्टावं, बासष्टावं. सरळसाधा धडा, चित्रांसकट. एका मुलीसमोर सफरचंदांची टोपली, मुलगी म्हणतेय मला सफरचंदं आवडतात, आणि 'स' लावतेय. प्रेमानंच लावतेय.

तेहेतीस वर्षं! एक नाही, दोन नाही, बाराशे मुलं. त्यांना 'स' लावला म्हणून दोन गुण दिले, खाली बसवलं, एकाला तर वर्गाबाहेर उभं केलं. बाईंना इतकी लाज वाटली, की खोलीत कुणी नसतानाही त्यांनी चेहरा पुस्तकाआड लपवला.

नेमक्या त्याच वेळी बोन्चो आत आला. "बाई, बरं झालं भेटलात!" त्यानं आनंदानं हात चोळले. "ठरलं बरं का. चोवीस मेला, आपल्या लिपीच्या, अक्षरांच्या सणाला, तुमचा निवृत्तीचा सत्कार. मानद नागरिक! मानपत्र कोण देणार, सांगा बरं? मिस हॉब्डे! खास इंग्रज हातांनी. व्यासपीठावर मोठा फलक लावतोय. मजकूरही ठरलाय, 'वी लव्ह टीचर'. तुमच्या नियमानं. बरोबर आहे ना?"

बाईंनी पुस्तक मिटलं. म्हणाल्या, "टाय सरळ कर."

त्या दिवसापासून बाईंची झोप उडाली. वाटेत जाता-येता त्यांना मिस हॉब्डे दिसायची, आणि दिसायची ती नेहमी कुठल्या ना कुठल्या पाटीसमोर. हातात छोटी वही, तांबडी पेन्सिल. पाटी वाचायची, ओठ आणखी घट्ट मिटायची आणि काहीतरी टिपून घ्यायची. भाजीवाल्यापुढे टिपलं. डॉक्टरच्या दाराशी दूर उभी राहून टिपलं. स्टामेन बाकावर बाह्या सरसावून बसला होता तर त्याच्या दंडावरचंसुद्धा टिपलं. तांबडी पेन्सिल कशासाठी असते, ते बाईंना कुणी सांगायला नको होतं. तेहेतीस वर्षं त्यांच्याही हातात तीच होती.

तिनं भर चौकात, मानपत्र देता देता, सगळ्या गावासमोर आपली वही वाचून दाखवली तर? त्याहून वाईट म्हणजे काही न बोलता त्या फलकाकडे बघून नुसती हसली तर? बाईंच्या जन्माची कमाई ती काय? घर भाड्याचं, नवरा पंधरा वर्षांपूर्वी गेलेला, मूलबाळ नाही. होतं ते एवढंच, की रुसालिना बाईंनी शिकवलं म्हणजे बरोबर शिकवलं.

निदान फलक तरी दुरुस्त करावा म्हणून त्या मिन्चोकडे गेल्या. मिन्चो गावचा रंगारी. पाट्या, फलक आणि थडग्यांवरची अक्षरं सगळं एकाच ब्रशानं करतो. अंगणात लांबलचक पांढरं कापड पसरून तो गुडघ्यांवर बसला होता. 'टीचर' रंगवून झालं होतं आणि त्यापुढे चांगलं हातभर कापड कोरं होतं.

"मिन्चो," बाई सहज बोलल्यासारखं करत म्हणाल्या, "त्या शेवटच्या शब्दाला एक 'स' लावून टाक."

मिन्चोच्या हातातला ब्रश थांबला. तो वर बघेना. "का बाई?"

"मी सांगते म्हणून."

"तुम्हीच शिकवलंत की, आवडीचं ते एक."

"शिकवलं असेल. आता लाव म्हणतेय."

"जागा नाही बाई," मिन्चो म्हणाला.

"जागा नाही? हे काय आहे मग एवढं? इथे बैलगाडी उभी राहील!"

"तिथे फूल काढायचंय," मिन्चो म्हणाला, आणि बाईंच्या देखत घाईघाईनं तिथे एक भलंमोठं पिओनीचं फूल काढायला लागला. ते फूल दिसायला कोबीसारखं झालं, पण जागा मात्र सगळी संपली. "झालं बघा. आता नाईलाज आहे."

बाई रागानं लाल झाल्या. "दोन," त्या म्हणाल्या. मिन्चो बसलेलाच होता, त्यामुळे पुढचं बोलायची सोय राहिली नव्हती.

मग त्यांनी थेट नगरपालिकेची बैठक गाठली. सणाच्या तयारीची समिती बसली होती. बोन्चो होता, स्टामेन होता, त्सोन्का होती, मिन्चो दाराशी रंगाचे हात पुसत उभा होता, आणि शाळेतले गणिताचे गुरुजी इतिवृत्त लिहीत होते. बाई उभ्या राहिल्या. "फलकावर 'टीचर्स' पाहिजे. 'स' लावून. माझी सूचना आहे."

खोलीत असं झालं, जणू कुणी छपरावरची कौलं उचलून नेली. सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"बाई, तुमच्यावर कुणी दबाव आणलाय का?" बोन्चोनं हळूच विचारलं.

"कसला दबाव!"

"नाही, त्या इंग्रजीणबाई काही बोलल्या असतील तर सांगा. आम्ही बघून घेतो. आपल्या गावात आपल्या बाईंचा नियम चालतो."

"अरे पण समजा नियम..." बाईंचा आवाज अडखळला. "समजा नियम बदलायचा असला, तर?"

"छे छे छे!" स्टामेन बाही वर करत उठला. "बाई, हे बघा. हे आता पुसायचं कसं? 'वूमन'चं बहुवचन करून घेतलं, तर घरी मला कोण घेईल?"

"आणि 'टीचर्स' म्हणजे कोण कोण?" त्सोन्का तावातावानं म्हणाली. "सगळे? हे गणिताचे गुरुजीसुद्धा? त्यांच्यावर कोण प्रेम करतंय?"

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी लिहिता लिहिता मान हलवली. "मुद्दा बरोबर आहे," ते म्हणाले, आणि तेही लिहून घेतलं.

मतदान झालं. बाईंच्या नियमाच्या बाजूनं पाच मतं, विरोधात एक, आणि ते एक मत बाईंचं. बोन्चोनं निकाल सांगितला आणि सगळ्यांनी उभं राहून बाईंचं अभिनंदन केलं. बाईंना हसावं की रडावं कळेना. घरी जाऊन त्या रडल्या.

चोवीस मेला सकाळी दहाला चौक गच्च भरला होता. वाद्यं वाजत होती, शाळकरी मुलं हातात अक्षरांचे पुठ्ठे धरून रांगेत उभी होती, आणि व्यासपीठावर तो फलक होता, 'वी लव्ह टीचर', पुढे कोबी. बाईंनी निळा सूट घातला होता. पर्समध्ये ते निळं पुस्तक होतं, साठाव्या पानावर खूण घातलेलं. रात्रभर विचार करून त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं, की तिनं बोलायच्या आधी आपणच बोलायचं. दुसऱ्याच्या तांबड्या पेन्सिलीनं मरण्यापेक्षा आपल्या हातानं दोन गुण घेऊन खाली बसलेलं बरं.

मुलं एकेक येऊन बाईंना फुलं देऊन गेली. कुणी तीन, कुणी पाच, कुणी एक. त्सोन्का तर जिवंत माणसासाठी फुलं घ्यायला आलेल्याला दोन किंवा चार देतच नाही. उरलेलं एक फुकट टाकते, नाहीतर एक काढून घेते. दोन, चार, सहा, बारा ही फुलं शवपेटीवर ठेवायची. क्रुशारेवोतलं तीन वर्षांचं पोर शंभरापर्यंत मोजू शकणार नाही, पण फुलं सम आहेत की विषम ते लांबूनच सांगतं.

मग मिस हॉब्डे पुढे आली. करड्या झग्यात, ताठ, काखेत मानपत्र, आणि हातात लांब देठांच्या तांबड्या गुलाबांचा गुच्छ. मोठ्या शहरातून मुद्दाम मागवला असणार, कारण त्सोन्कानं तो बांधला नव्हता. चौकातल्या माणसांनी सवयीनं मोजलं. वाद्यवाल्यांनी पिपाण्या तोंडातून काढल्या. कुणा म्हातारीनं रुमालाआड छातीवर क्रुसाची खूण केली.

बारा होते. आपल्या बाईंना, जिवंतपणी, त्यांच्या सत्काराला, बारा.

मिस हॉब्डेला कसली कल्पना? ती घट्ट ओठांतून थोडं हसली आणि गुच्छ पुढे केला. बाईंनी तो घेतला. त्यांनाही बारा दिसले होते, पण त्या क्षणी त्यांना वाटलं, बरोबरच आहे. आज माझं तेच आहे. तेवढ्यात मिन्चो व्यासपीठावर चढला. माईकची वायर नीट केल्यासारखं करत बाईंच्या मागून गेला, जाता जाता गुच्छातला एक गुलाब देठासकट उपसला, टोपीत घातला आणि टोपी डोक्यावर ठेवून उतरून गेला. पाव मिनिटाचं काम. मिस हॉब्डेच्या लक्षातही आलं नाही. चौकानं श्वास सोडला आणि वाद्यं जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू झाली.

ती संपली तशा बाई माईकपाशी गेल्या. पर्समधून पुस्तक काढलं.

"मला एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. "मानपत्र घ्यायच्या आधीच. मी तुम्हांला चुकीचं शिकवलं. सहाव्या धड्याची पानं माझ्याकडे नव्हती. तो नियम कुठल्याही पुस्तकात नाही. मी फळ्यापाशी उभी राहून रचला, कारण माहीत नाही म्हणायची मला लाज वाटली. तेहेतीस वर्षं मी... तुमच्यातल्या कितीतरी जणांना मी दोन दिले, आणि ते बरोबर होते." त्यांनी पुस्तक उघडून चौकाकडे धरलं. "हा मान माझा नाही. मला माफ करा."

मिस हॉब्डे एकीकडून दुसरीकडे बघत होती. तिला एक शब्द कळला नव्हता. मग मधल्या गर्दीतून स्टामेननं घसा खाकरला.

"ठाऊक आहे बाई."

"काय ठाऊक आहे?"

"हेच. 'स' लावायचा असतो ते."

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"अठ्ठ्याण्णवच्या जूनपासून," स्टामेन ओशाळून म्हणाला. "आम्ही इंग्रजांकडे केंटला स्ट्रॉबेरी तोडायला गेलो होतो ना, तेव्हा. मी मुकादमाला म्हटलं, आय लव्ह स्ट्रॉबेरी. त्यानं माझ्या हातात एकच ठेवली. दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं."

"सगळ्यांना?"

"निम्मं गाव तिकडे जाऊन आलंय बाई," त्सोन्का म्हणाली. "तिकडे 'स' लावावाच लागतो. पण परत येताना बस ओढ्यावरच्या पुलाशी आली, की पुढच्या बाकावरून कुणीतरी ओरडतं, चला रे, 'स' उतरवा. आणि मग सगळे उतरवतात."

"पोरांनाही सांगून ठेवलंय," बोन्चो टाय सरळ करत पुटपुटला. "मोठ्या परीक्षेला पुस्तकाप्रमाणे, बाईंसमोर बाईंप्रमाणे."

बाईंना आधी खरंच वाटेना. मग खरं वाटलं, आणि त्यांचा असा संताप झाला, की लाज कुठल्या कुठे गेली. "म्हणजे पंचवीस वर्षं! पंचवीस वर्षं तुम्ही मला वेड्यात काढत होतात? मेल्यांनो! मी दोन देत होते आणि तुम्ही मुकाट खाली बसत होतात? एकाला तोंड नव्हतं? मिन्चो, तुला नव्हतं? सात उन्हाळे काढलेस ना तिकडे?"

मिन्चोनं टोपी काढली. त्यातला गुलाब एव्हाना चेपला होता.

"बाई, आत्ता त्या पाहुणीनं बारा आणले," तो म्हणाला. "कुणी बोललं का तिला? नाही ना. तिनं प्रेमानं आणले, मोजताना चुकली. एक हळूच काढून घ्यायचा आणि गप्प बसायचं. असंच करतो ना आपण? तुम्ही आम्हांला कधी ना कधी सगळं शिकवलंत. त्यात तो एक 'स'. आम्ही तो टोपीत ठेवला, एवढंच. तुमच्यापासून काही लपवावं असं नव्हतं मनात. तुम्ही आमच्यासमोर खाली मान घालून उभ्या राहिलेल्या आम्हांला बघवलं नसतं."

बाई रडत होत्या आणि ते लपवतही नव्हत्या. गणिताच्या गुरुजींनी पुढे होऊन त्यांना रुमाल दिला, आणि तो बाईंनी त्यांच्याकडे न बघता घेतला.

घोळ कसातरी निस्तरावा म्हणून बोन्चोनं मिस हॉब्डेला खुणेनंच माईकपाशी बोलावलं. ती आली. आणि पिशवीतून तिनं ती छोटी वही काढली.

मिस हॉब्डेनं चष्मा लावला, वहीचं पान उलटलं, आणि शाळेच्या प्रार्थनेला उभं राहिल्यासारखी ताठ होऊन एकेक वाक्य सावकाश वाचायला लागली.

"आय लव्ह टोमॅटो," ती म्हणाली. "आय लव्ह हाऊस. आय लव्ह नेबर." एक आवंढा गिळला. "आय लव्ह डॉग."

चौकातली माणसं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. पाहुणी पुढे वाचत होती. "आय हेट गुडबाइज. आय हेट लोनली विंटर्स." इथे 'स' होता, नियमाप्रमाणे, जिथे पाहिजे तिथे. दोन आठवडे ती पाट्यांमधल्या चुका टिपत नव्हती. हे गाव कसं बोलतं ते शिकत होती. तांबड्या पेन्सिलीनं तिनं स्वतःचेच 'स' खोडले होते, आणि ते पहिल्या रांगेतूनही दिसत होतं.

शेवटी तिनं वही मिटली आणि गुच्छाकडे हात केला. "आय लव्ह रोझेस," ती म्हणाली.

आणि एकदम थबकली. कानापर्यंत लाल झाली. घाबरून तिनं बाईंकडे पाहिलं, जशी त्या चौकातली निम्मीअधिक माणसं आयुष्यात कधी ना कधी बाईंकडे बघत आली होती.

"सॉरी," ती म्हणाली. "आय लव्ह रोझ."

बाईंचं बोट सवयीनं वर आलं होतं. पुस्तक हाताशी होतं, बासष्टाव्या पानावर सगळं छापलेलं होतं, की पहिलं वाक्य बरोबर आणि दुसरं चूक. तेहेतीस वर्षांत बाईंनी समोरचं एकही चूक वाक्य सोडलेलं नव्हतं. सगळा चौक त्या बोटाकडे बघत होता. मिन्चोनं टोपी छातीशी धरली होती.

बाईंनी बोट खाली घेतलं. डोळे पुसले.

"सहा," त्या म्हणाल्या. "बसा."

मिस हॉब्डेला शब्द कळला नाही, पण मागच्या खुर्चीवर ती लगेच जाऊन बसली.